पत्रात नसलेली ओळ

"पहिलं पुस्तक लिहून झालंय, प्रकाशक मिळत नाही. प्रत्येक नकारानंतर आठवडाभर हातपाय गळून जातात. लोक म्हणतात मनाला लावून घेऊ नका. म्हणजे नेमकं करायचं काय?"

मी समुपदेशक आहे आणि हा प्रश्न माझ्याकडे अधूनमधून येतच असतो. विचारणारे बदलतात, प्रश्न तोच. उत्तरादाखल एका गृहस्थांची हकिकत सांगते. त्यांची परवानगी आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, फक्त त्यांचा पेशा तसाच ठेवलाय, कारण तो काढला तर सांगण्यासारखं फारसं उरत नाही.

पहिला फोन त्यांच्या पत्नीचा होता. "हे रात्री तीनला उठून मेल बघतात. मी झोपलेय असं त्यांना वाटतं."

गृहस्थ कोर्टात स्टेनो. वय ५१. सात वर्षं रोज पहाटे उठून त्यांनी ३४० पानांची कादंबरी लिहिली होती आणि तेरा प्रकाशकांकडे पाठवली होती. आठ ठिकाणांहून साभार परत, पाच ठिकाणांहून चकार शब्द नाही. माझ्यासमोर बसले ते एक वही घेऊनच. व्यवस्थित आखलेले रकाने: पाठवल्याची तारीख, पोच, स्मरणपत्र आणि शेवटी 'निकाल'.

"तेरा खटले, मॅडम. आठ हरलो, पाच प्रलंबित." हसले, पण ते हसू ओठांच्या वर गेलं नाही.

आणि इथे मी एक चूक केली. इतकी वर्षं हे काम करूनही तोंडात तेच ठरलेलं वाक्य आलं: "त्यांनी तुमचं पुस्तक नाकारलंय, तुम्हाला नाही."

ते शांतपणे म्हणाले, "सात वर्षं त्या पुस्तकात मीच होतो की."

बरोबर होतं त्यांचं. ज्याने लिहिलंय त्याला हे वाक्य पोकळ लागतं. त्यानंतर मी ते कुणालाही ऐकवलेलं नाही.

त्याऐवजी त्यांना एका प्रयोगाविषयी सांगितलं. २००३ साली 'सायन्स' या नियतकालिकात तो प्रसिद्ध झाला. माणसाला मेंदूच्या स्कॅनरमध्ये झोपवायचं आणि पडद्यावर चेंडू टाकण्याचा एक अगदी बाळबोध खेळ खेळायला लावायचा. पलीकडे आणखी दोघं खेळतायत असं त्याला सांगितलेलं असतं. प्रत्यक्षात पलीकडे कुणीच नसतं, सगळं संगणक करतो. थोड्या वेळाने ते 'दोघं' आपापसातच चेंडू टाकू लागतात, याच्याकडे येईनासाच होतो. एवढ्याशा गोष्टीने माणसं दुखावली आणि शारीरिक वेदनेत मेंदूचा जो भाग जागा होतो, त्यातला एक भाग तेव्हाही जागा झालेला दिसला. याचा नेमका अर्थ काय यावर पुढे शास्त्रज्ञांमध्ये बरेच वाद झाले, ते असोत. माझं म्हणणं एवढंच होतं की ज्यांना कधी पाहिलंही नाही अशांनी फुकटच्या खेळात वगळलं तरी लागतं, मग सात वर्षांच्या कामाचं बाड परत आल्यावर लागणारच. त्यात नाजूकपणा कसला?

ते काही बोलले नाहीत, पण वही मांडीवरून उचलून टेबलावर ठेवली.

त्याच भेटीत मी सरळ काही प्रश्न विचारले. झोप, भूक, कशात मन लागतं का, जगण्याचा कंटाळा आल्यासारखं वाटतं का. हे विचारायला संकोच करायचा नसतो. उदासपणा किंवा कशातच रस न वाटणं जवळजवळ रोज, दोन आठवडे किंवा त्याहून जास्त टिकलं, तर प्रश्न पुस्तकाचा राहत नाही आणि मानसोपचारतज्ज्ञांना दाखवावं लागतं. टोकाचे विचार येत असतील तर दोन आठवडेही थांबायचं नाही. यांची गाडी तिथवर गेली नव्हती. झोप मोडत होती, वाचन बंद पडलं होतं, पण कोर्टातलं काम चोख चाललं होतं आणि नातीशी खेळताना सगळं विसरायला होतं म्हणाले.

दुसऱ्या भेटीत त्यांनी 'बारा' या आकड्याबद्दल तक्रार केली. 'हॅरी पॉटर'चा पहिला भाग बारा प्रकाशकांनी नाकारला होता, हे त्यांना इतक्या जणांनी ऐकवलं होतं की त्यांनी नकळत तो आकडा उंबरठ्यासारखा धरला. बाराच्या आत काही ना काही होईल. "आता तेरावं बाड बाहेर आहे. बाराच्या पुढे गेलेल्यांची गोष्ट कुणीच सांगत नाही मला."

धीर द्यायला सांगितलेल्या गोष्टी अशा उलटतात. नाकारले जाऊनही पुढे गाजलेले तेवढे आपल्याला माहीत असतात. नाकारले गेले आणि तिथेच थांबले त्यांची यादी कोण ठेवणार? शिवाय आकड्यात कसलाच नियम नाही. एखाद्या लेखकाला मरणानंतर कीर्ती मिळाल्याची कथा तर मी मुळीच कुणाला सांगत नाही. खचलेल्या माणसाच्या हातात ती फार वाईट तऱ्हेने पडू शकते.

मग मी म्हटलं, सगळ्यात जास्त लागलेलं पत्र कोणतं ते दाखवा. त्यांनी फोन काढलाच नाही. पाठ होतं.

"त्यांनी लिहिलंय की भाषा बरी आहे, पण कादंबरी म्हणावी असं यात काही नाही, आमच्याकडे याहून चांगलं पुष्कळ येतं."

"आता मूळ पत्र वाचा."

त्यांनी मेल उघडला. तीन ओळी होत्या. 'आपली संहिता वाचली. आपली भाषा ओघवती आहे. तथापि आमच्या सध्याच्या योजनेत ती बसत नसल्याने साभार परत करीत आहोत.'

त्यांनी परत वाचलं. मग स्क्रीन वर सरकवून पाहिली, जणू खाली आणखी काही राहिलंय.

मी विचारलं, "कोर्टात साक्षीदार जे बोललाच नाही ते तुम्ही टाइप करता?"

"नोकरी जाईल, मॅडम."

थोडा वेळ कुणीच बोललं नाही. मग त्यांनी खिशातून पेन काढलं, माझ्या टेबलावरचा कागद ओढला आणि त्यावर एक बारीकसं वळण आणि त्याला जोडून दुसरं वळण काढलं. "हे म आणि हे ल. शॉर्टहँडमध्ये आम्ही व्यंजनं लिहितो. स्वरांसाठी ठिपके आणि बारीक रेघा असतात, पण वेगात लिहिताना ते गाळावेच लागतात. नंतर वाचताना आम्ही मनाने भरतो. हे मला असेल, माल असेल, मूल असेल, मैलही असेल. रेघेच्या वर लिहिलंय की खाली यावरून थोडा अंदाज लागतो, बाकी मागचंपुढचं वाक्य बघायचं. नवीन मुलं घाईत चुकीचा स्वर भरतात आणि जबानी बदलून जाते."

कागदाकडे बघतच म्हणाले, "रात्री तीनला मी काय भरत असेन, देव जाणे."

मला शिकवायचं होतं ते त्यांनीच मला शिकवलं. नकाराची पत्रं या अर्थाने शॉर्टहँडच असतात. संपादकाला वेळ नसतो. कारणं दिली तर समोरचा वाद घालायला येतो, हा अनुभवही असतो. म्हणून मोघम, सभ्य, साच्यातलं लिहायचं. खरं कारण त्यात असेलच असं नाही. वर्षाला मोजकीच पुस्तकं काढायची असतात, पुढची यादी आधीच भरलेली असते, त्याच विषयावरचं दुसरं पुस्तक छपाईला गेलेलं असतं. कधी खरोखरच बाड आवडलेलं नसतं. हे सगळं त्याच तीन ओळींत मावतं. मोकळ्या जागेत 'तुला लिहिता येत नाही' हे वाक्य आपण भरतो आणि ते आपल्याच हस्ताक्षरात असल्यामुळे चटकन पटतं.

पुढच्या वेळी आठही पत्रं छापून आणायला सांगितली. टेबलावर पसरली. नियम एकच: कागदावर आहे तेवढंच बोलायचं. सहा पत्रं निव्वळ साचा निघाली, नाव बदललं तर कुणालाही चालतील अशी. उरलेल्या दोघांनी मात्र बाड खरंच वाचलं होतं. एकाने लिहिलं होतं, 'सुरुवात रेंगाळते'. दुसऱ्याने, 'कथानक चौथ्या प्रकरणापासून पकड घेतं'.

गंमत अशी की ही दोन पत्रं त्यांच्या लक्षातच राहिली नव्हती. सगळे घाव एकाच रकान्यात, एकाच शब्दाखाली गेले होते: निकाल.

मी साहित्याची जाणकार नाही आणि त्यांची कादंबरी मी वाचली नाही, मुद्दामच. पण दोन अनोळखी वाचक एकमेकांशी न बोलता एकाच जागेवर बोट ठेवत असतील तर ती जागा बघायला हवी, एवढं कळायला जाणकार असावं लागत नाही.

त्या दिवशी मी त्यांना इंग्रज कादंबरीकार विल्यम गोल्डिंगची गोष्ट सांगितली, किती जणांनी नाकारलं ते वगळून. शाळामास्तर होता. 'लॉर्ड ऑफ द फ्लाइज'चं बाड फिरून फिरून मळलेलं, लंडनच्या फेबर या प्रकाशनाकडे आलं. तिथल्या पहिल्या वाचकाने कंटाळवाणं आणि निरर्थक असा शेरा मारून ते नाकारलं. त्याच कचेरीत चार्ल्स माँटिथ नावाचा संपादक नुकताच लागला होता, वकिलीच्या पेशातून आलेला. त्याने नाकारलेल्या गठ्ठ्यातून तेच बाड उचललं, वाचलं आणि ते छापावं म्हणून नेट धरला. १९५४ मध्ये पुस्तक निघालं. इमारत एक, बाड एक, वाचक दोन. पण माँटिथनेही ते जसंच्या तसं घेतलं नाही. सुरुवातीचा अणुयुद्धाचा भाग त्याने काढायला लावला, शीर्षकसुद्धा बदललं.

"सुरुवात काढायला लावली?" ते एकदम पुढे सरकून बसले. "किती पानं?"

इतक्या भेटींत त्यांनी पहिल्यांदाच लेखकाचा प्रश्न विचारला होता. तोवरचे सगळे प्रश्न आरोपीचे होते.

पुढचे दोन महिने आमच्या भेटी लांबल्या, कारण ते पहिली साठ पानं परत लिहीत होते. त्या काळात ठरवलेल्या गोष्टी अगदी साध्या होत्या. मेल रोज संध्याकाळी एकदाच बघायचा, पत्नी जागी असताना. नकार आला तर त्या दिवशी उत्तर नाही, निर्णय नाही, बाडाला हात नाही. पुढे कुणाकडे पाठवायचं ते नाव आधीच वहीत लिहून ठेवायचं, म्हणजे खचलेल्या मनाने शोधाशोध करावी लागत नाही. गप्प बसलेल्या पाचही प्रकाशकांना एका ओळीची विचारणा पाठवायची. नकारापेक्षा हे गप्प राहणंच त्यांना जास्त छळत होतं, कारण त्यात भरायला जागा भरपूर. पाचपैकी दोघांचं उत्तर आलं: 'वाचायचं आहे, थोडा वेळ लागेल.' आणि वहीतला 'निकाल' खोडून त्यांनी स्वतःहूनच तिथे 'उत्तर' लिहिलं.

मध्येच एक घोळ झाला. कुणीतरी 'पैसे भरा, छापून देतो' असा प्रस्ताव पाठवला आणि एका नकाराच्या रात्री हे होकार टाइप करून बसले. पत्नीने सकाळी मला कळवलं. स्वखर्चाने पुस्तक काढण्याला माझा अजिबात विरोध नाही. मुलांसाठी लिहिणाऱ्या बिॲट्रिक्स पॉटरने १९०१ मध्ये आपल्या सशाच्या गोष्टीच्या २५० प्रती स्वतःच्या पैशाने छापल्या, मग पुढच्याच वर्षी ती गोष्ट प्रकाशकाने काढली. पण तिला नेमकं काय हवंय ते ठाऊक होतं. यांना त्या रात्री पुस्तक नको होतं, फक्त दुखणं थांबायला हवं होतं. नकारानंतर आठ दिवस कुठल्याही करारावर सही करायची नाही, असं ठरलं. आठ दिवसांनी त्यांनी करार शांतपणे वाचला. प्रती किती छापणार, विकणार कोण, हक्क कुणाकडे राहणार, यातलं काहीच त्यात नव्हतं. कोर्टात अर्धं आयुष्य गेलेल्या माणसाला ते सांगायला माझी गरज नव्हती.

नव्या सुरुवातीसह चौदावं बाड गेलं. साडेतीन महिन्यांनी एका संध्याकाळी त्यांचा फोन आला.

"आलं परत, मॅडम."

मी थांबले.

"चार ओळी आहेत. वाचू? लिहिलंय तेवढंच वाचतो." त्यांनी डिक्टेशन द्यावं तसं सावकाश वाचलं. पहिल्या तीन ओळी नेहमीच्याच होत्या. चौथी अशी: 'आपण दुसरे काही लिहीत असल्यास अवश्य पाठवावे.'

"हे सगळ्यांनाच लिहीत असतील का हो? की खरंच... याचा अर्थ काय लावायचा?"

"काय लिहिलंय?"

पलीकडून कागद सरळ केल्याचा आवाज आला.

"'पाठवावे' लिहिलंय."