एकाच लॉटच्या शेंगदाण्यांचे दोन लॅबमधून दोन वेगळे रिपोर्ट आले, तर कुठल्या लॅबचं मशीन खराब समजायचं?

मशीन बहुधा दोन्हीकडचं चांगलं आहे.

तुम्ही लिहिलंय की सौराष्ट्रातून आणलेल्या एकाच लॉटच्या दाण्यांत एका लॅबने अफ्लाटॉक्सिन, म्हणजे बुरशीचं विष, 3 पीपीबी (किलोमागे 3 मायक्रोग्रॅम) दिलं आणि दुसरीने 22. दोन्हीकडे एलसी-एमएस-एमएस (कॉलम नावाच्या नळीत पदार्थ वेगळे करून मग त्यांचं वस्तुमान मोजणारं मशीन, लॅबच्या भाषेत मास स्पेक), दोन्हीकडे एनएबीएलचं, म्हणजे लॅबना मान्यता देणाऱ्या संस्थेचं, प्रमाणपत्र, मग खोटं कोण? तुम्ही मशीनचं मॉडेलसुद्धा लिहिलंय. पण नमुना कुणी काढला, किती पोत्यांतून काढला, किती किलो होता, दळला कसा, याबद्दल एक ओळ नाही. तुमच्यावर राग नाही. सगळे असंच विचारतात, लॅबच्या आतले लोकही.

मी बडोद्याची. एम. एस. युनिव्हर्सिटीच्या सायन्स फॅकल्टीतून रसायनशास्त्रात एमएससी केलं आणि मकरपुरा जीआयडीसीतल्या एका खासगी लॅबमध्ये लागले. माझ्या बरोबरीने लागलेल्या मुलांना इन्स्ट्रुमेंटवर बसवलं, मला सँपल प्रेपला, म्हणजे नमुना दळून त्याचा अर्क काढायला. आमच्या खोलीला तिथे रसोडं, म्हणजे स्वयंपाकघर, म्हणायचे. ‘बेन, रसोड्यात आज काय?’ हे रोजचं. घरी दांडिया बाजारात गणपतीला सगळे जमले की दीर विचारायचे, ‘वहिनी, अजून मिक्सरवरच का?’ त्यांच्या मनात वाईट नव्हतं, पण मला लागायचं, कारण अफ्लाटॉक्सिनच्या आकड्यातली सगळ्यात मोठी चूक त्या मिक्सरच्या अलीकडेच होते आणि ती टाळणारी माणसं आम्ही होतो.

आता तुमचे दाणे. शितावरून भाताची परीक्षा होते, कारण पातेल्यातली सगळी शितं एकाच पाण्यात शिजलेली असतात. शेंगदाण्याचं तसं नाही. बुरशी अख्ख्या लॉटला सारखी लागत नाही. शेवटच्या महिन्यात पाऊस ओढला, शेंग तडकली, किडीने भोक पाडलं, की त्या शेंगेत अस्परजिलस ही बुरशी शिरते. शेजारची शेंग ठणठणीत असते. हजारो दाण्यांत एखादाच खराब, पण तो इतका खराब की एकेका सुट्या दाण्यात 10 लाख पीपीबीच्या वर विष मोजल्याच्या नोंदी आहेत.

हिशेब करून बघा. दाणा अर्ध्या ग्रॅमचा धरा. त्यात 10 लाख पीपीबी म्हणजे अर्धा मिलिग्रॅम अफ्लाटॉक्सिन. 20 किलोत साधारण 40 हजार दाणे येतात. त्यात असा एकच दाणा असला, बाकी सगळे स्वच्छ असले, तरी 20 किलोची सरासरी 25 पीपीबी होते. आपल्याकडे एफएसएसएआयची, म्हणजे सरकारी अन्नसुरक्षा संस्थेची, मर्यादा पुढे प्रक्रिया व्हायच्या दाण्यांना 15 पीपीबी आणि थेट खायच्या दाण्यांना 10. म्हणजे एका दाण्याने 20 किलो नापास. आता तुम्ही त्यातून 200 ग्रॅमची पिशवी भरून लॅबला दिलीत तर तो दाणा त्या पिशवीत यायची शक्यता शंभरात एक. नाही आला तर रिपोर्ट शून्य. आला तर अडीच हजार पीपीबी. दोन्ही वेळेला मशीन बरोबर आणि दोन्ही वेळेला तुमच्या लॉटबद्दल काही कळलं नाही.

म्हणूनच युरोपच्या नियमात मोठ्या लॉटसाठी 100 वेगवेगळ्या जागांहून थोडे थोडे दाणे काढून 20 किलो गोळा करायला सांगितलंय. व्यापाऱ्यांना हा छळ वाटतो. वरच्या हिशेबानंतर तुम्हाला वाटू नये.

या सगळ्यावरून आमच्याकडे जे झालं ते सांगते. एका निर्यातदाराचा नमुना आला होता. नमुना चांगला काढलेला, वजनाला भरपूर. पण गर्दीचे दिवस, वरून सांगितलं की त्यातला थोडा भाग छोट्या ग्राइंडरमध्ये फिरवा आणि 25 ग्रॅम घेऊन टाका एक्स्ट्रॅक्शनला, म्हणजे अर्क काढायला. डुप्लिकेट लावलेलं होतं, म्हणजे तसे 25 ग्रॅमचे दोन भाग. एक आकडा जेमतेम 1, दुसरा 17. इन्स्ट्रुमेंटचे इनचार्ज साहेब हुशार माणूस, पण त्यांचा संशय पहिल्यांदा मशीनवर आणि दुसऱ्यांदाही मशीनवर. सोर्स, म्हणजे अर्क मशीनमध्ये जिथे फवारला जातो तो भाग, उघडून धुतला. कॉलम बदलला. मोबाइल फेज, म्हणजे कॉलममधून वाहणारं द्रावण, नवीन केला. स्टँडर्ड, म्हणजे प्रमाण आधीच माहीत असलेलं द्रावण, टोचलं तर सरळ रेषा, स्पाइकची रिकव्हरी उत्तम, म्हणजे मुद्दाम मिसळलेलं विष नीट परत सापडत होतं. पुन्हा तेच दोन अर्क टोचले तर पुन्हा 1 आणि 17, अगदी दशांशापर्यंत तसेच. इथेच विषय संपायला हवा होता. एकच वायल, म्हणजे अर्काची छोटी बाटली, पुन्हा पुन्हा तोच आकडा देत असेल तर मशीन आपलं काम चोख करतंय, फरक दोन वायलमध्येच आहे. तरी कंपनीच्या इंजिनियरला फोन गेला.

मी म्हटलं, साहेब, दळण भरड आहे. शेंगदाणा कोरडा दळला की आधी कणी होते, मग तेल सुटून त्याचा गोळा होतो आणि पात्याला चिकटून बसतो. खराब दाण्याचे चार तुकडे एका 25 ग्रॅममध्ये गेले, दुसऱ्यात एकही नाही, एवढंच झालंय. उरलेला सगळा नमुना पाणी घालून मोठ्या कटरमध्ये स्लरी करू द्या. ते म्हणाले, ‘बेन, मास स्पेक पीपीबीच्या खाली बघतं. तुमच्या मिक्सरने त्यात काय फरक पडणार?’

मी विचारत बसले नाही. संध्याकाळी हेल्परला थांबवून घेतलं, सगळा नमुना मोजून पाणी घालून वाटला, बोटाला कणी लागेना इतका. पात्याखाली चिकटलेलं खरवडून पुन्हा फिरवला. मग त्या घोळातून वेगवेगळ्या जागचे भाग काढले, पाण्याचं वजन वजा धरून हिशेब लावला, मेथनॉलने अर्क काढला, गाळला, इम्युनोअफिनिटी कॉलममधून, म्हणजे अफ्लाटॉक्सिन धरून ठेवणाऱ्या अँटिबॉडी भरलेल्या नळीतून, एकेक थेंब उतरवला. ते थेंब घाईने उतरवले तर अँटिबॉडीला अफ्लाटॉक्सिन धरायला वेळच मिळत नाही. ही गोष्ट कुठल्याही सॉफ्टवेअरच्या पडद्यावर दिसत नाही. सकाळी वायल लावल्या. सगळे आकडे 8 आणि 9 च्या मध्ये.

इंजिनियर आला, सोर्स पुन्हा पुसला, गेला. महिन्याच्या रिपोर्टमध्ये लिहिलं गेलं की सर्व्हिसनंतर अडचण दूर झाली. मी तो कागद वाचला आणि त्याच दिवशी साहेबांच्या टेबलावर जाऊन सांगितलं की हे खोटं आहे. त्यांनी कागद बदलला नाही. त्यानंतर आमच्यात जो वाद सुरू झाला तो मी नोकरी सोडेपर्यंत चालला, आणि तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्या वादातच आहे.

त्यांचं वाक्य ठरलेलं: मास स्पेक खोटं बोलत नाही. माझं म्हणणं, वायलबद्दल बोलत नसेल. पोत्याबद्दल त्याला काही माहीतच नाही. आणि वायलबद्दलही ते एकट्याने सगळं सांगू शकत नाही. अफ्लाटॉक्सिनचे बी-1, बी-2, जी-1, जी-2, एम-1 असे प्रकार असतात. शेंगदाण्यातलं जी-1 आणि दुधातलं एम-1, दोघांचं सूत्र एकच, C17H12O7. दोघांचा आयन, म्हणजे विद्युतभार चढलेला रेणू, 329 या वस्तुमानावर. पहिल्या क्वाड्रुपोलला, म्हणजे मशीनमधल्या वस्तुमानाच्या चाळणीला, दोघं एकच. कोण कुठलं ते कळतं आधी कॉलमवर वेगळ्या वेळेला बाहेर पडल्यामुळे, आणि मग फोडल्यावर निघणाऱ्या तुकड्यांमुळे. बी-1 चं तसंच, 313 मधून 285 आणि 241 हे दोन तुकडे निघायला हवेत, त्यांचं आपसातलं प्रमाण स्टँडर्डशी जुळायला हवं, वेळही जुळायला हवी, तेव्हा म्हणायचं की हे बी-1 आहे. क्रोमॅटोग्राफी काढून घ्या आणि मग सांगा मास स्पेक काय बोलतं ते.

त्याहून वाईट म्हणजे घाण अर्क. इलेक्ट्रोस्प्रेमध्ये, म्हणजे सोर्समध्ये फवारा करून आयन बनतात तिथे, थेंबाच्या पृष्ठभागावर जागेसाठी मारामारी असते. दाण्यातली चरबी, फॉस्फोलिपिड त्याच मिनिटाला बाहेर पडलं तर ते अफ्लाटॉक्सिनला आयन होऊ देत नाही. विष आहे आणि आलेखावरचं टोक मात्र बुटकं. रिपोर्टवर आकडा कमी येतो, कुणाला शंका येत नाही, व्यापारी खूश. यावर उपाय कार्बन-13 ने बनवलेलं तेच अफ्लाटॉक्सिन आत टाकण्याचा. ते सोबत दबतं, म्हणून हिशेब जुळतो. महाग आहे, म्हणून बऱ्याच ठिकाणी टाळतात. आणि तेही शेवटच्या टप्प्यावर वायलमध्ये टाकलं तर फक्त दाबल्या गेलेल्या आयनांची भरपाई होते, अर्कात न उतरलेल्या विषाची नाही.

मी या विषयावर एवढं तावातावाने का बोलते? 1974 साली आमच्या शेजारच्या पंचमहालात आणि राजस्थानच्या बांसवाड्याकडे अवकाळी पावसात भिजलेल्या मक्याला बुरशी लागली. घरात दुसरं धान्य नव्हतं, लोकांनी तोच खाल्ला. कावीळ झाली, पोटात पाणी भरलं, शंभरावर माणसं गेली. त्या मक्यात किलोमागे 6 ते 15 मिलिग्रॅम अफ्लाटॉक्सिन सापडलं. म्हणजे 6 हजार ते 15 हजार पीपीबी. माझे मामा त्या काळात दाहोदला नोकरीला होते. ते सांगायचे की आदिवासी पाड्यांवर त्याच घरांतली कुत्रीही मरत होती. मी नोकरीला लागले तेव्हा त्यांनी एकच विचारलं, ‘तुमच्या मशीनला हे कळतं का?’ मी हो म्हटलं. ते ‘हो’ खरं राहावं म्हणून तरी नमुना नीट दळला पाहिजे, असं मला तेव्हाही वाटायचं, आजही वाटतं.

तर तुम्ही काय करायचं. दोन्ही लॅबना तुम्ही स्वतः पिशव्या भरून दिल्या असतील तर त्या दोन रिपोर्टची तुलनाच करू नका, ते दोन वेगळ्या पिशव्यांचे रिपोर्ट आहेत. माल गोदामात असेल तर लॅबचा माणूस बोलवा, वरच्या, मधल्या, खालच्या, भिंतीकडच्या पोत्यांतून पोकळ नळीने दाणे काढायला लावा, सगळे एकत्र करा, आणि लॅबला लेखी विचारा की एकूण किती किलो दळणार, कोरडं की स्लरी, त्यातून किती ग्रॅम घेणार. ज्या लॅबमध्ये याचं उत्तर द्यायला कुणी नाही आणि मशीन दाखवायला मात्र तीन जण धावतात, तिथे नमुना देऊ नका. दळणाऱ्या माणसाशी बोलू देत नसतील तरी देऊ नका. हे माझं ठाम मत आहे आणि त्यामागे काय आहे ते तुम्ही वर वाचलंच.

त्याआधी एक साधी गोष्ट बघून घ्या, खरं तर ही पहिल्यांदा लिहायला हवी होती. 3 हा आकडा नुसत्या बी-1 चा आहे का, आणि 22 हा बी-1, बी-2, जी-1, जी-2 मिळून? युरोपला थेट खायच्या दाण्यांसाठी बी-1 ची मर्यादा 2 आणि एकूण 4 आहे, म्हणून निर्यातीचं काम करणाऱ्या लॅब दोन्ही वेगळे छापतात. घाईत चुकीची ओळ वाचली जाते. तसंच आकडा रिकव्हरीने सुधारलेला, म्हणजे अर्कात न उतरलेल्या विषाची भरपाई धरलेला, आहे की नाही तेही विचारा.

साहेबांच्या बाजूनेही बोललं पाहिजे. मशीनवरचं काम सोपं नाही, आणि दूध, पाणी, रक्त, लघवी अशा एकजीव नमुन्यांत माझा हा पोत्याचा मुद्दा जवळजवळ लागू होत नाही. दुधातलं एम-1 आपल्याकडे 0.5 पीपीबीच्या आत हवं, युरोपात 0.05. तिथे खरी लढाई कॉलम आणि डिटेक्टरचीच असते आणि ती साहेबांनी उत्तम लढली. कीटकनाशकांचंही वेगळं आहे, फवारणी निदान सगळ्या शेतावर झालेली असते. मी बोलतेय ते शेंगदाणा, मका, सुकी मिरची, अंजीर, पिस्ता यांच्याबद्दल.

22 खरा निघाला तर लॉट फेकायची गरज नसते. सुरकुतलेले, काळपट, भोक पडलेले, साल उडालेले दाणे वेचून काढले की आकडा बराच खाली येतो, कारण विष त्या थोड्या दाण्यांतच असतं. कलर सॉर्टर असेल तर उत्तम, नसेल तर वेचणाऱ्या बायकांना उजेड द्या आणि मजुरी नीट द्या. भाजून निभेल असं समजू नका, भाजण्याने अफ्लाटॉक्सिन पुरतं जात नाही. वेचल्यावर पुन्हा वरच्याच पद्धतीने नमुना काढा. आणि वेचून काढलेले दाणे स्वस्तात तेलघाणीवाल्याला विकू नका. तेल गेलं तरी अफ्लाटॉक्सिनचा मोठा भाग पेंडीत राहतो, पेंड गाईम्हशींना जाते, आणि तेच एम-1 होऊन दुधात उतरतं.