मी ख्रिश्चन नाही, नर्सिंगही येत नाही. कोलकात्याला मदर तेरेसांच्या ‘निर्मल हृदय’मध्ये सेवेला जाऊ शकतो का?

हो, जाऊ शकता. मी तीन आठवडे होतो, तुझा धर्म कोणता हे मला कुणी विचारलं नाही. सकाळी मदर हाउसमध्ये, म्हणजे त्यांच्या संस्थेच्या मुख्यालयात, प्रार्थना होते. बसायचं की नाही ते आपल्यावर. मग चहा, पाव, केळं खाऊन सगळे आपापल्या केंद्राकडे निघतात. गुरुवारी सुट्टी.

निर्मल हृदय कालीघाटच्या देवळाला लागून आहे. महापालिकेने दिलेल्या यात्रेकरूंच्या धर्मशाळेत मदर तेरेसांनी ते १९५२ साली सुरू केलं, रस्त्यावर मरणाच्या दारी पडलेल्या माणसांसाठी.

नर्सिंगपेक्षा धुण्याची तयारी ठेवा. मी होतो तेव्हा वॉशिंग मशीन नव्हतं. रात्री ओल्या झालेल्या चादरी, कपडे सगळं हाताने घासायचं, खळबळायचं, दोघांनी दोन टोकं धरून पिळायचं आणि बादल्या गच्चीवर न्यायच्या. पहिल्या आठवड्यात माझी कंबर धरली होती. त्यानंतर दाढी करणं, नखं काढणं, अंगाला तेल लावणं, भरवणं.

बंगाली मला येत नव्हतं. एक आजोबा गुडघ्यावर हात ठेवून ‘बॅथा, बॅथा’ म्हणायचे. दोन दिवसांनी उमगलं, ही तर आपली ‘व्यथा’! आपण तो शब्द कवितेत ठेवलाय, तिथे तो साध्या गुडघेदुखीसाठी रोज वापरतात. पुढे मी तेलाची बाटली घेऊन गेलो की ते आपणहून पाय पुढे करायचे. याला दहाएक दिवस लागले. म्हणून सांगतो, दोन दिवसांसाठी जाऊ नका. त्या माणसांना रोज नवा चेहरा सोसावा लागतो.

टीकाही वाचून जा. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाचे तेव्हाचे संपादक रॉबिन फॉक्स यांनी १९९४ मध्ये लिहिलं होतं की इथे रोगाचं नीट निदान होत नाही आणि वेदनाशामक औषधं पुरेशी मिळत नाहीत. मला ती टीका रास्त वाटते. प्रेमाने पाय चेपले तरी कॅन्सरची कळ थांबत नाही. ओळखीत कुणी डॉक्टर, नर्स असतील तर त्यांना सोबत यायची गळ घाला. आणि आपल्याला येत नसेल तर जखमेला हात लावू नका, सिस्टरना बोलवा.

फोन खोलीवरच ठेवा. कुणाचाही फोटो काढू नका, विचारूनसुद्धा नाही. अंथरुणाला खिळलेला माणूस नाही म्हणू शकत नाही. नोंदणीचे दिवस ठरलेले असतात, तिकीट काढण्याआधी मदर हाउसला विचारून घ्या.