मायलेजचा हिशोब करून मोठी गाडी थांबत नाही

वाचकांचे प्रश्न

प्रश्न : नमस्कार दादा. मी नाशिकला इंदिरानगरमध्ये राहते, मिस्टर अंबडला कंपनीत आहेत, घरात आम्ही दोघं आणि दोन मुलं. २०१५ची वॅगनआर आहे, काही त्रास देत नाही. पण मागच्या दिवाळीत पिंपळगावला धाकट्या दिरांनी मोठी डिझेल एसयूव्ही घेतली आणि तेव्हापासून ह्यांच्या डोक्यात तेच आहे. ऑन-रोड २२ लाख सांगतायत, ५ लाख भरायचे, बाकीचं लोन ७ वर्षांचं. कंपनी घरापासून ७ किलोमीटर, जाणार एकटे. पेट्रोल शंभरच्या वर, डिझेल नव्वदीत, तरी रस्त्यावर बघावं तर सगळ्या मोठ्याच गाड्या. लोकांना डिझेलचा खर्च दिसत नाही का? आणि ह्यांना समजावू कसं? मी मायलेजचा विषय काढला की भांडणच होतं. (एक वाचक, इंदिरानगर)

उत्तर : ताई, भांडण होतं कारण मायलेजच्या मुद्द्यावर तुम्ही हरणारच आहात, आणि मिस्टरांना ते माहिती आहे. आधी आकडे बघू. समजा महिन्याला १००० किलोमीटर फिरणं होतं, ऑफिस, गावाला जाणं, रविवारचं सगळं धरून. वॅगनआर १८चं मायलेज देत असेल तर साडेपंचावन्न लिटर पेट्रोल, १०४ रुपयांनी साधारण ५,८०० रुपये. मोठी डिझेल गाडी सिटीत ११ देईल असं धरा, म्हणजे ९१ लिटर डिझेल, ९१ रुपयांनी ८,३००च्या आसपास. फरक किती? अडीच हजार. आता जो माणूस २२ लाखांची गाडी बघून आलाय, शोरूममध्ये त्या उंच सीटवर बसून आलाय, तो अडीच हजारासाठी माघार घेईल का हो? तो म्हणणार एक हॉटेलचं जेवण कमी करू. डिझेल पेट्रोलपेक्षा स्वस्त असल्यामुळे आपल्याकडे हा फरक आणखी कमी होतो, म्हणून तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर असं की लोकांना खर्च दिसतो, पण तो गाडीच्या एकूण खर्चातला छोटा तुकडा आहे आणि नेमका तोच आपण रोज पंपावर बघतो.

मोठा तुकडा कुठला ते सांगतो. १७ लाखांचं लोन, ९ टक्के व्याज, ७ वर्षं, ईएमआय येतो २७,३५०च्या जवळपास. ८४ हप्ते भरून झाले की २३ लाख गेले, त्यात ६ लाख नुसतं व्याज, म्हणजे व्याजातच एक छोटी गाडी आली असती. तुमच्या वॅगनआरचा हप्ता आता शून्य असेल, हे विसरू नका. त्यात इन्शुरन्स, मोठे टायर, सर्व्हिसिंग वेगळं. आणि त्या २२ लाखांत रोड टॅक्सही आलाच, आपल्या राज्यात १० ते २० लाख मूळ किमतीच्या डिझेल गाडीला टॅक्सच १४ टक्के लागतो.

आता दुसरी बाजू. ही हौस उगाच आलेली नाही, आणि मिस्टरांना "दिखावा" म्हणून गप्प करू नका, ते खरंही नाही आणि माणूस दुखावतो. आपल्या नाशिकचं आणि जीपचं नातं जुनं आहे. बोलेरो २०००ला आली, स्कॉर्पिओ २००२ला, आणि महिंद्राच्या सातपूरच्या कारखान्यात कामाला असलेलं कोणी ना कोणी नाशिकच्या बऱ्याच घरांत निघतं, त्यामुळे या गाड्या आपल्याला परक्या वाटतच नाहीत. पेठ सुरगाण्याकडचे रस्ते पावसाळ्यात काय होतात ते ज्याने बघितलंय त्याला उंच गाडीची किंमत कळते. निफाड दिंडोरीकडे बागेत शिवाररस्त्याने आत जायचं, मजूर न्यायचे, औषधाचे डबे, क्रेट, तिथे वॅगनआर पहिल्याच चाकोरीत पोट टेकून बसेल. शिवाय ज्या वर्षी द्राक्षाला भाव मिळतो त्या वर्षी दारात गाडी येते, आणि ती गाडी बघून सोयरिकीचं बोलणं होतं, उधारीवर खत मिळतं, बाजार समितीत व्यापारी नीट बोलतो. शेतकऱ्याची पत कागदावर कुठे दिसते, दारात दिसते. तुमच्या दिरांनी घेतली ती कदाचित याच हिशोबाने घेतली असेल आणि ती त्यांच्यासाठी बरोबरही असेल. पण पिंपळगावचं बरोबर ते इंदिरानगरला बरोबर असं नाही ना.

आणखी एक कारण सरकारी आहे, ते फार कमी लोक लक्षात घेतात. २००६च्या बजेटमध्ये ४ मीटरपेक्षा कमी लांबीच्या, छोट्या इंजिनाच्या गाड्यांवरची एक्साइज २४वरून १६ टक्क्यांवर आणली, तेव्हापासून कंपन्या गाडी ३,९९५ मिलिमीटरवर कापायला लागल्या आणि मग त्याच छोट्या गाडीला उंच करून एसयूव्हीसारखा तोंडवळा द्यायला लागल्या. म्हणजे रस्त्यावर तुम्हाला दिसणाऱ्या "मोठ्या" गाड्यांतल्या कितीतरी खालून छोट्याच आहेत. मग २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी बदलला, छोट्या गाड्यांना १८ टक्के झाला आणि मोठ्यांना सरळ ४० टक्के, पण मोठ्या एसयूव्हीवर आधी सेससकट ५० टक्के होता, त्यामुळे मोठ्या गाडीची किंमतही उतरली आणि ज्यांचं मन अर्धं झालं होतं त्यांचं पूर्ण झालं. तसंही २०२४-२५मध्ये देशात विकलेल्या प्रवासी गाड्यांपैकी साधारण ६५ टक्के युटिलिटी प्रकारातल्याच होत्या, मग रस्त्यावर दुसरं काय दिसणार.

पण मला वाटतं सगळ्यात मोठं कारण भीती आहे. द्वारका चौकात एका बाजूला कंटेनर, दुसऱ्या बाजूला एसटी, मधे आपण, कसारा घाटात उतरताना मागे ट्रकचे लाइट, तेव्हा उंच आणि जड गाडीत बसलेल्या माणसाला धीर वाटतो आणि तो धीर खोटा नाही. टक्कर झाली तर जड गाडीला धक्का कमी बसतो, हे खरं आहे. फक्त तो कमी झालेला धक्का जातो कुठे, समोरच्या हलक्या गाडीकडे जातो, स्कूटरकडे जातो, पायी चालणाऱ्याकडे जातो. मग हलक्या गाडीवाला घाबरतो आणि तोही पुढच्या वेळी मोठी घेतो. असं ते वाढत जातं आणि शेवटी भीती तेवढीच राहते, गाड्या फक्त जड होतात.

एक गोष्ट सांगतो, माझ्या डोळ्यासमोरची आहे. गंगापूर रोडला आमच्याच सोसायटीच्या गेटवर एक लहान मुलगी चेंडूमागे गेली आणि एका उभ्या मोठ्या गाडीच्या बॉनेटसमोर जाऊन वाकली, गाडी चालू होती, चालवणारा भला माणूस, मोबाइलवर वगैरे अजिबात नव्हता, त्याला ती दिसलीच नाही कारण बॉनेट तिच्या डोक्याच्या वर होतं. वॉचमन ओरडला म्हणून ब्रेक लागला. त्या माणसाचे हात नंतर कितीतरी वेळ थरथरत होते. अमेरिकेत इन्शुरन्स कंपन्यांच्या पैशावर चालणारी रस्ता सुरक्षेची एक संस्था आहे, तिने २०२३मध्ये अपघातांचा अभ्यास करून सांगितलं की बॉनेट ४० इंचांपेक्षा उंच असेल तर धडक बसलेला पादचारी दगावण्याची शक्यता, ३० इंचांच्या आतल्या उतरत्या बॉनेटच्या गाडीपेक्षा साधारण ४५ टक्क्यांनी जास्त असते. ४० इंच म्हणजे चार वर्षांच्या पोराची उंची. मिस्टरांना हे सांगा ताई, मायलेज नका सांगू. दोन मुलांचा बाप आहे, हे लगेच पोचेल.

दोन कामाच्या गोष्टी अजून. २०२०च्या बीएस ६ या प्रदूषणाच्या नियमांनंतरच्या डिझेल कारच्या सायलेन्सरमध्ये काजळी धरणारी जाळी असते, गॅरेजवाले डीपीएफ म्हणतात, ती साफ व्हायला गाडी हायवेला चांगली गरम होऊन थोडा वेळ सलग पळावी लागते. रोज ७ किलोमीटर जाऊन बंद करणारी गाडी असेल तर ती चोक होते आणि ते काम महाग पडतं. अंबडला एकट्याने जायला डिझेल ही चुकीची गाडी आहे, मोठी असो की छोटी. आणि एका रविवारी दोघं बसून गेल्या वर्षभरात किती वेळा गाडीत पाचपेक्षा जास्त माणसं होती, किती वेळा रस्ता खरंच खराब होता, हे मोजा. लग्नं, वणीला जाणं, गावची जत्रा, धरून आठ-दहा दिवस निघतील. तेवढे दिवस सात सीटची गाडी ड्रायव्हरसकट भाड्याने केली तर वर्षाचा खर्च त्या दोन-तीन हप्त्यांत बसायला हरकत नाही. मोजून जर साठ-सत्तर दिवस निघाले तर मात्र मिस्टरांचं बरोबर आहे असं समजा आणि घ्या गाडी, मग मी अडवणार नाही.

प्रश्न : आमचा मुलगा टेक्सासला असतो. तिकडे ऑफिसला जाणारा एकटा माणूससुद्धा केवढा मोठा पिकअप ट्रक घेऊन जातो म्हणे, मागे काही सामान नाही. तिकडे तर लोक शिकलेले, मग असं का? (एक ज्येष्ठ वाचक, पंचवटी)

उत्तर : काका, शिकण्याचा संबंध नाही, कायद्याचा आहे. १९७३च्या तेलटंचाईनंतर १९७५ला अमेरिकेने गाड्यांच्या मायलेजचा कायदा केला, पण ट्रकला नियम सैल ठेवले कारण तेव्हा ट्रक शेतकरी आणि कारागीर वापरायचे. कंपन्यांनी मग घरगुती गाडीच ट्रकच्या वर्गात बसवायला सुरुवात केली, नियमही सैल आणि नफाही जास्त. त्याच्या आधीचं एक प्रकरण आहे, युरोपने अमेरिकन कोंबडीवर कर लावला म्हणून अमेरिकेने १९६४ला बाहेरून येणाऱ्या ट्रकवर २५ टक्के कर लावला, कोंबडीचं भांडण केव्हाच संपलं पण ट्रकवरचा कर तसाच राहिला, त्यामुळे बाहेरून छोटे पिकअप तिकडे आणणं महाग पडायला लागलं. आणि पेट्रोल. तिकडच्या केंद्र सरकारचा पेट्रोलवरचा कर गॅलनला १८.४ सेंट आहे आणि १९९३ पासून त्यात एक सेंटही वाढ नाही. गॅलन म्हणजे पावणेचार लिटर, तेव्हा लिटरमागे आपले चार-साडेचार रुपये झाले. राज्यांचा कर वेगळा, पण तो धरूनही आपल्यापेक्षा कितीतरी कमी. तुमच्या मुलाच्या शेजाऱ्याला पंपावर टोचतच नाही, तर तो कशाला लहान गाडी बघेल. आणि एकदा आजूबाजूला सगळेच ट्रक झाले की लहान गाडीवाल्याला भीती वाटते, ते वर ताईंना लिहिलंय तेच.

प्रश्न : माझी थार आहे, नाशिकमध्ये ११-१२ देते पण सिन्नरला समृद्धीवर चढलो की ९ वर येते. हायवेला वाढायला पाहिजे ना? (एक वाचक, सिडको)

उत्तर : भाऊ, तू १२०ने चालवत असणार. हवेचा रेटा वेगाच्या वर्गाने वाढतो, ९०चे १२० केले की तो पावणेदोनपटीच्याही थोडा वर जातो, आणि तुझ्या गाडीची काच उभी, अंग चौकोनी, मागे स्टेपनी लटकलेली, हवा कापायला तिला काही नाकच नाही. वर कॅरिअर लावलं असशील तर ते काढ, सामान नसताना ते नुसतं डिझेल खातं. टायर बदलून मोठे टाकले असतील तर अजून एक घोळ आहे, चाक मोठं झालं की मीटर खरे किलोमीटर कमी मोजतो, म्हणून तुझं ९ खरं तर थोडं जास्त असेल, पण त्याच कारणाने काट्यावर १२० दिसतं तेव्हा गाडी त्याहून जोरात असते, हे लक्षात ठेव. निघण्याआधी थंड टायरमध्ये हवा भर, टाकी फुल कर, ९०-९५ने शिर्डीपर्यंत जाऊन ये आणि त्याच पंपावर परत फुल करून हिशोब काढ, आणि जो आकडा येईल तो मला कळव.