फलनानंतर फुलात बी नेमकी कशापासून तयार होते?

बी बीजांडापासून, म्हणजे अंडाशयातल्या अंडपेशी असलेल्या बारीक भागापासून, तयार होते. अंडाशयाचं होतं ते फळ. परागकणातून निघालेल्या परागनलिकेतून दोन पुंयुग्मकं, म्हणजे नर पेशी, बीजांडात येतात. एक अंडपेशीशी जुळून युग्मनज, म्हणजे फलित पेशी, बनतो, त्याचाच पुढे भ्रूण. दुसरं मधल्या पेशीतल्या दोन केंद्रकांशी मिळून भ्रूणपोष, म्हणजे अन्नसाठा, तयार करतं. बीजांडाची आवरणं कडक होऊन टरफल बनतात. पक्व बीतलं पाणी साधारण १० ते १५ टक्क्यांवर उतरतं.

भिजवलेला हरभरा पुसून हलकेच दाबा: टोकाजवळच्या बारीक छिद्रातून थेंब येतो. परागनलिका सहसा याच वाटेने शिरते. मात्र हरभऱ्यात भ्रूणपोष शोधू नका. वाढत्या भ्रूणाने तो आधीच संपवून साठा दोन डाळींत भरलेला असतो. मक्यात तो शिल्लक राहतो.