मदतीचे ७५,००० आले, आता दोन म्हशी घ्याव्यात का?

ताई, तुमच्या पत्राचा सारांश आधी देतो. तुम्ही शिरोळ तालुक्यातल्या. अतिवृष्टीत गोठ्याची भिंत पडून दोन दुभत्या म्हशी दगावल्या. पंचनामा झाला, म्हशीमागे ३७,५०० प्रमाणे ७५,००० रुपये खात्यावर जमा झाले. गावातल्या एकाचे ४०,००० शेकडा तीनने देणं आहे, गोठ्यात एक गाय उरली आहे. दीर म्हणतात, कर्ज काढून हरियाणाच्या मुऱ्हा जातीच्या दोन म्हशी आणू.

म्हैस घ्यायचीच, पण एक. आणि सगळ्यात आधी ते देणं फेडा.

शेकडा तीन म्हणजे महिन्याला १,२०० आणि वर्षाला १४,४०० नुसतं व्याज, मुद्दल जागच्या जागी. कुठलीही म्हैस खात्रीने एवढं मिळवून देत नाही. पैसे देताना कर्जाची लिहून दिलेली चिठ्ठी परत घ्या, दोन साक्षीदार समोर ठेवा.

दिरांची तळमळ मला समजते. दावण रिकामी बघवत नाही. पण हिशेब बघा. दोन म्हशी अडीच लाखांच्या धरल्या, ७५,००० त्यात घातले, तर पावणेदोन लाखांचं कर्ज होतं. ११ टक्क्यांनी तीन वर्षांचा हप्ता पावणेसहा हजारांच्या आसपास, वर सावकाराचे १,२०० चालूच. म्हैस भाकड गेली की तीन-चार महिने दूधबिल नाही. वैरण आणि पेंड मात्र रोज लागते.

त्यापेक्षा उरलेल्या ३५,००० पैकी १०,००० बाजूला ठेवा आणि २५,००० घालून साधारण सव्वा लाखाच्या आतली एक म्हैस बघा. ९०,००० कर्जाला हप्ता ३,००० च्या आत बसतो. दिवसाला आठ लिटर आणि लिटरला ५० रुपये धरले तर महिन्याला १२,००० येतात. निम्म्याहून जास्त सरकी पेंड, वैरण आणि औषधाला जातात. उरलं त्यातून हप्ता निघतो, हात मोकळा राहतो. दूध संघाचं म्हैस खरेदी अनुदान चालू आहे का, हे खरेदीआधीच संस्थेच्या सचिवांना विचारा. पशुपालनाचं किसान क्रेडिट कार्डही काढा. ते खेळत्या भांडवलासाठी, म्हणजे पेंड-वैरणीसाठी असतं. वेळेत परतफेड केली तर व्याज ४ टक्क्यांवर येतं.

तुम्ही लिहिलंय की गाईच्या दुधाचं लिटरमागचं सरकारी अनुदान हप्त्यात धरता येईल. धरू नका. २०२४ मध्ये ते आधी ५ आणि ऑक्टोबरपासून ७ रुपये झालं, पण प्रत्येक वेळी ठरावीक मुदतीपुरतं. म्हशीच्या दुधाला तर ते नव्हतंच. आलं तर मुलांच्या वह्या-पुस्तकांना वापरा.

एक गोष्ट मनाला लागली. दोन्ही म्हशींच्या कानात ओळख क्रमांकाचा बिल्ला होता म्हणून पंचनामा अडला नाही, पण विमा मात्र नव्हता. ३७,५०० मध्ये आज दुभती म्हैस येत नाही, ही मदत आहे, भरपाई नाही. राष्ट्रीय पशुधन अभियानात विम्याच्या हप्त्यातला १५ टक्केच वाटा आपल्याला भरावा लागतो. नवी म्हैस दारात आली की त्याच आठवड्यात पशुवैद्यकीय दवाखान्यात चौकशी करा.

बँकेने ही रक्कम जुन्या कर्जात वळती करायचा प्रयत्न केला तर लेखी हरकत घ्या. मदतीतून वसुली करू नये, असं शासन निर्णयांत सांगितलेलं असतं. खातं तुमच्या नावाचं आहे, निर्णयही तुमचाच राहू द्या. आणि म्हैस बघायला जाल तेव्हा दुसऱ्या-तिसऱ्या वेताचीच बघा, संध्याकाळची आणि सकाळची अशा दोन्ही धारा स्वतः काढून मगच विसार द्या.