गांधी मैदानावरची अकरा मुलं

प्रश्न : माझा मुलगा यंदा बारावी सायन्सला आहे. आम्ही कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतले. दोन हंगाम तो तालमीच्या ज्युनियर फुटबॉल संघातून खेळला. गेल्या वर्षी गुडघ्याचं लिगामेंट गेलं, ऑपरेशन झालं. आता म्हणतो, खेळता येत नसेल तर अमेरिकेत जाऊन फुटबॉल कोच होतो. तिथल्या एका विद्यापीठात स्पोर्ट्स मॅनेजमेंटला प्रवेश मिळवून देतो असं एजंट सांगतोय. खर्च 45 लाखांच्या घरात, म्हणजे गावाकडची जमीन गहाण टाकावी लागेल. अभ्यास सोडून रोज सकाळी गांधी मैदानावर गल्लीतल्या अकरा पोरांना फुकट शिकवत बसतो. हे खरंच करिअर आहे का?
— एक पालक, कोल्हापूर

सप्रेम नमस्कार,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. अकरा पोरांबद्दलचं वाक्य तुम्ही तक्रार म्हणून लिहिलंय. मला मात्र सगळ्या पत्रात तेच मोलाचं वाटलं. त्याकडे येतेच.

आधी तुमच्या प्रश्नाचं उत्तर. हो, हे करिअर आहे. अमेरिकेतही आहे आणि आता आपल्याकडेही आहे. पण जमीन गहाण टाकू नका. ही दोन्ही वाक्यं मी सारख्याच ठामपणे लिहिते आहे.

तुमच्या चिरंजीवांना बॉब ब्रॅडली यांची कारकीर्द नीट वाचायला सांगा. अमेरिकेतला फुटबॉल कोच म्हणजे काय, हे त्यांच्या आयुष्यावरून जितकं कळतं तितकं कुठल्याही माहितीपुस्तिकेतून कळणार नाही. न्यू जर्सीचा हा माणूस प्रिन्स्टन विद्यापीठात इतिहास शिकला आणि तिथल्या संघातून खेळला. मोठा व्यावसायिक खेळाडू तो कधीच नव्हता. वयाच्या अवघ्या 22व्या वर्षी, स्वतः पदव्युत्तर अभ्यास करत असताना, त्यांनी ओहायो विद्यापीठाचा संघ हातात घेतला. पुढे 1984 ते 1995 अशी बारा वर्षं ते प्रिन्स्टनच्या कॉलेज संघाचेच कोच होते. त्यातल्या बहुतेक काळात अमेरिकेत मोठी व्यावसायिक लीगच नव्हती. मेजर लीग सॉकर (फुटबॉलला तिथे सॉकर म्हणतात) सुरू झाली 1996 साली, दहा संघांची. (आज तीस आहेत.) दोन वर्षं ते तिथे सहायक होते, आणि 1998 मध्ये शिकागो फायर या नव्याकोऱ्या संघाला त्यांनी पहिल्याच हंगामात अजिंक्यपद मिळवून दिलं. लोकांना 1998 दिसतं. त्यामागची पंधरा-सोळा वर्षं दिसत नाहीत.

पुढे ते अमेरिकेच्या राष्ट्रीय संघाचे कोच झाले. 2009 च्या कॉन्फेडरेशन्स कपमध्ये त्यांच्या संघानं 35 सामने न हरलेल्या स्पेनला 2-0 नं हरवलं. 2011 मध्ये त्यांना काढून टाकलं. मग ते इजिप्तला गेले. 1 फेब्रुवारी 2012 ला पोर्ट सईदच्या स्टेडियममध्ये दंगल होऊन सत्तरहून अधिक माणसं मेली आणि तिथली लीगच बंद पडली. ब्रॅडली पती-पत्नी कैरो सोडून गेले नाहीत. खेळाडूंना खेळायला लीग नाही, अशा अवस्थेत त्यांनी विश्वचषक पात्रतेच्या गटातले सहाच्या सहा सामने जिंकून दिले. आणि मग शेवटच्या टप्प्यात घानानं कुमासीत 6-1 असा धुव्वा उडवला! दोन वर्षांची मेहनत एका संध्याकाळी गेली.

तिथून नॉर्वे, तिथून फ्रान्सची दुसरी श्रेणी. ऑक्टोबर 2016 मध्ये स्वान्सी हा क्लब. इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये संघ सांभाळणारे ते पहिले अमेरिकी. पेनल्टीला अमेरिकी पद्धतीनं ‘पीके’ (पेनल्टी किक) म्हणतात यावरून तिथे त्यांची चेष्टा झाली. 85 दिवस, 11 सामने, आणि नोकरी गेली. हे सगळं पचवून ते लॉस एंजेलिसला एका नव्या क्लबची बांधणी करायला गेले. 2019 मध्ये त्या संघानं 72 गुण मिळवले, तोवरचा लीगमधला विक्रम.

मुलाला यातलं ‘प्रीमियर लीग’ दिसेल. तुम्ही त्याला विचारा, 85 दिवसांनी घरी परत यावं लागलं तर दुसऱ्या दिवशी सकाळी काय करशील?

ही झाली शिखरावरची गोष्ट. पायथ्याशी नोकरी कशी असते ते मी जवळून पाहिलंय. माझी धाकटी बहीण न्यू जर्सीत राहते. एका ऑक्टोबरात आठवडाभर मी भाचीच्या क्लबच्या सरावाला जाऊन बसत होते. कोच तिशीचा असेल. दिवसा शाळेत शिकवायचा. संध्याकाळी पाचला गाडीची डिकी उघडून जाळीच्या पिशवीतले चेंडू, नारिंगी कोन, दोन रंगांची बिब काढायचा आणि पावलं मोजत एकेक कोन मांडायचा. नऊ वर्षांच्या बारा मुली. त्यातली एक चेंडू आला की मान फिरवून उभी राहायची. तो तिच्यावर एकदाही ओरडला नाही. बाकीच्यांना जोड्यांनी पासिंगला लावलं, स्वतः तिच्यासमोर गुडघा टेकून बसला आणि हातानं हळूच चेंडू टाकत राहिला. एक, दोन, दहा वेळा. शुक्रवारी त्या मुलीनं पायानं चेंडू अडवला. टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत, फक्त त्यानं मान हलवली. सातला दुसरा संघ यायचा. नऊला कोन गोळा करून गाडीतच बसून पालकांना शनिवारच्या सामन्याचे मेसेज. शनिवार-रविवार स्पर्धांत जायचा. बायको त्याला कधी भेटत असेल, हा प्रश्न मला पडला होता.

तिथले मुलांचे क्लब पालकांच्या फीवर चालतात आणि बहुतेक कोचना संघामागे ठरलेली रक्कम मिळते. म्हणून एकेक जण तीन-तीन संघ घेतो. सरकारी आकडेवारीप्रमाणे सगळ्या खेळांचे कोच आणि स्काउट (खेळाडू हेरणारे) मिळून मधलं उत्पन्न वर्षाला सुमारे 45 हजार डॉलर आहे, म्हणजे निम्म्यांना त्याहून कमी मिळतं. रुपयांत गुणाकार करू नका. तिथलं घरभाडं तिथल्याच पगारातून जातं.

आता व्हिसा, कारण एजंट हे सांगत नाही. विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना फक्त कॅम्पसवर, आठवड्याला 20 तासच काम करता येतं. बाहेरच्या क्लबमध्ये परवानगीशिवाय पैसे घेऊन शिकवलं तर व्हिसा धोक्यात. पदवीनंतर साधारण एक वर्ष काम करता येतं. विज्ञान-तंत्रज्ञानाच्या मुलांना मिळणारी जादा दोन वर्षं स्पोर्ट्स मॅनेजमेंटला सहसा मिळत नाहीत. त्यानंतर एच-1बी या नोकरीच्या व्हिसाची सोडत. एका कोचसाठी तो खर्च आणि कटकट उचलणारा छोटा क्लब विरळा. एक फट आहे : विद्यापीठांना या सोडतीची मर्यादा लागू नाही. म्हणून अमेरिकेत जायचंच तर कॉलेजच्या मैदानातून जावं. काही विद्यापीठं पदव्युत्तर विद्यार्थ्याला संघाचा सहायक म्हणून घेतात आणि बदल्यात फी माफ करून थोडा भत्ता देतात. पण ते घेतात अनुभव असलेल्याला. बारावीनंतर 45 लाख मोजून गेलेल्याला नव्हे.

म्हणजे अमेरिका आता नाही, पाच-सहा वर्षांनी. तोवर इथे पदवी पूर्ण होऊ द्या. बी.एस्सी. असो, पुढे बी.पी.एड. असो. अठरा पूर्ण झाल्यावर अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या कोचिंग लायसन्सची शिडी चढायला लागू दे : आधी डी, मग सी, बी, ए, शेवटी प्रो. अभ्यासक्रमाच्या तारखा आणि आजची फी वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशनकडे, म्हणजे आपल्या राज्याच्या फुटबॉल संघटनेकडे विचारा. खालच्या पायऱ्यांना जमीन विकावी लागत नाही. गुडघ्याची काळजी वाटत असेल तर प्रात्यक्षिकापुरतं धावता येईल का, हे त्याच्या फिजिओला आधी विचारून घ्या.

आणि आपल्याकडचं उदाहरण आहेच. खालिद जमील 2009 पासून मुंबई एफसीचे कोच होते, वर्षानुवर्षं. 2017 मध्ये त्यांनी मिझोरामच्या ऐजॉल एफसीसारख्या छोट्या क्लबला आय-लीग ही राष्ट्रीय लीग जिंकून दिली आणि 2025 मध्ये ते भारताच्या संघाचे मुख्य कोच झाले. तुम्ही पेठेतले आहात. शाहू स्टेडियमवर ईर्षेनं पाहिलेले सामने तुमच्या अंगात आहेत. या खेळाला इथे माणसं हवीत, हे मी तुम्हाला काय सांगणार?

आता ती अकरा पोरं. ऑपरेशन झालेला, खेळ सुटलेला, बारावीच्या ओझ्याखालचा मुलगा रोज सकाळी उठून दुसऱ्यांच्या मुलांना शिकवायला जातो. कोणी पाठवत नाही, कोणी पैसे देत नाही. इतक्या वर्षांत माझ्याकडे ‘कोच व्हायचंय’ म्हणणारी पुष्कळ मुलं आली. कोचिंग आधीच सुरू केलेली फार थोडी.

परीक्षेपर्यंत ते बंद करायला लावू नका, आठवड्यातून दोन दिवसांवर आणा. त्याला एक वही द्या. आज काय शिकवायचं ठरवलं, प्रत्यक्षात काय झालं, कुठलं पोर कुठे अडलं, एवढंच रोज पानभर लिहायचं. पुढे लायसन्सच्या वर्गात हीच सवय उपयोगी पडेल.

येत्या रविवारी तुम्ही स्वतः गांधी मैदानावर जा. त्याला सांगून नको, चहाचा कप हातात घेऊन कडेला उभे राहा. अकरातलं सगळ्यात कच्चं पोर कोणतं ते तुम्हाला पाच मिनिटांत कळेल. त्याच्याजवळ तुमचा मुलगा किती वेळ थांबतो आणि काय करतो, ते पाहा आणि मला लिहून कळवा. पुढचं पत्र आपण तिथून सुरू करू.