साधी सरकारी शाळा की कर्णबधिरांची निवासी? आधी वर्गात जाऊन बसा

तुमची मुलगी सहा वर्षांची, दोन्ही कानांना श्रवणयंत्र. जवळची सरकारी शाळा प्रवेश द्यायला तयार, कर्णबधिरांची निवासी शाळा लांब, आणि घरात दोन तट. या मुलांना बरीच वर्षं शिकवल्यावर माझं मत असं झालंय की शाळेच्या पाटीवर काय लिहिलंय ते सोडा, बाई शिकवतात ते मुलीपर्यंत पोचतं कसं ते बघा.

श्रवणयंत्र म्हणजे चष्मा नव्हे. ते बाईंचा आवाज वाढवतं तसा पंख्याचा, बाकांचा आणि शेजारच्या वर्गाचाही वाढवतं. त्यात बोलणाऱ्यापासूनचं अंतर दुप्पट झालं की मोकळ्या जागेत आवाज साधारण ६ डेसिबलने पडतो. म्हणून नुसता पहिला बाक पुरत नाही. बाईंच्या गळ्यात माइक आणि मुलीच्या यंत्राला त्याचा रिसीव्हर हवा.

‘ओठ वाचेल की!’ असं सांगणारे भेटतीलच. आरशासमोर आवाज न काढता ‘पाळ, बाळ, माळ’ म्हणा. ओठ तिन्ही वेळा सारखेच हलतात. बाई फळ्याकडे तोंड करून बोलल्या तर तेवढंही नाही.

खुणांची भाषा शिकवली की बोलणं मागे पडतं, ही भीती जुनी आहे. कर्णबधिरांच्या शिक्षणावरच्या १८८० च्या मिलान परिषदेत जवळपास सगळ्या ऐकणाऱ्यांनीच मिळून खुणांची भाषा वर्गातून काढायचा ठराव केला. तो नाकारायला २०१० ची व्हँकुव्हर परिषद उजाडावी लागली. मुलीला भाषा आत्ता हवी, मग खुणांची का असेना. जवळच्या शाळेत माइकही नाही आणि खुणा येणारं कुणीही नाही, तर मी लांबची शाळा निवडेन. जमलं तर वसतिगृहाऐवजी त्या शाळेजवळ घर करून. आणि खुणा घरातल्या सगळ्यांनी शिकायच्या, आजीसकट.

एका वाचकांनी अल्पदृष्टी मुलाबद्दल विचारलंय, मोबाइल वाचून दाखवतो तर ब्रेल कशाला? ऐकून गोष्ट कळते, पण ‘दिन’ की ‘दीन’ हे कान सांगत नाही. गणिताचं तर विचारूच नका, कंसात कंस असलेलं पद ऐकून डोक्यात धरून बघा. नजर पुढे कमी होणार असेल तर थोडं दिसतंय तोवरच ब्रेल सुरू करा. ब्रेल पुस्तकं शाळा उघडताना मिळतात की सहामाही उलटल्यावर, हेही विचारून घ्या.

प्रवेशाआधी मुख्याध्यापकांकडे दोन गोष्टी मागा: एक तास वर्गात मागे बसू द्या, आणि विशेष शिक्षक आठवड्यातून किती वेळ येतात, किती शाळांत वाटले जातात, ते लेखी द्या.